जुना आरओ घ्यायचा, पण मोजून : फिश टँकवाल्यांचे प्रश्न

फिश टँकसाठी वापरलेला आरओ संच (दाबाने पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पापुद्र्यातून, ढकलून क्षार काढणारं यंत्र) घ्यावा का, घेतल्यावर त्यात काय बदलावं आणि त्यातून निघालेलं पाणी माशांना कसं द्यावं, या विषयावरचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझी २०० लिटरची गोड्या पाण्याची टाकी आहे. पुढे डिस्कस (कमी क्षारांच्या, मऊ पाण्यातले मासे) पाळायचे आहेत. नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार, पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती) ४०० च्या आसपास असतो. ओळखीतल्या एकांनी हा छंद सोडला आहे आणि ते आपला चार टप्प्यांचा, ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन देणारा) आरओ-डीआय संच विकत आहेत. तीन वर्षं वापरलेला आहे, गेले सहा महिने बंद आहे. बाहेरून अगदी स्वच्छ दिसतो. घ्यावा का? घेण्याआधी काय तपासावं?

उत्तर : घ्या, पण सांगाड्याच्या किमतीत. फिल्टरची हाउसिंग (फिल्टर ठेवायचे डबे), ती अडकवायची पट्टी, मेम्ब्रेन ठेवायची नळी, प्रेशर गेज आणि असलाच तर बूस्टर पंप (दाब वाढवणारा) हे भाग वर्षानुवर्षं चालतात. सेडिमेंट फिल्टर (गाळ अडवणारा), कार्बन ब्लॉक (क्लोरिन काढणारा), मेम्ब्रेन आणि डीआय रेझिन (मेम्ब्रेननंतर उरलेले क्षार पकडणारे दाणे) हे चार मात्र वापरून संपणारे. सहा महिने बंद राहिलेल्या संचात या चारही गोष्टींची किंमत शून्य धरायची. सेडिमेंट आणि कार्बन ओले पडून राहिले की त्यांत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. मेम्ब्रेन एकदा भिजून पुन्हा वाळली तर तिचा प्रवाह कायमचा घटतो, आणि ओलीच राहिली असेल तर तोच थर तिच्यावरही चढतो. म्हणून जाण्याआधी या चारही वस्तू नव्या केवढ्याला पडतील ते विचारून ठेवा. ती रक्कम आणि मागितलेली किंमत मिळून नव्या संचाच्या जवळपास जात असेल तर जुन्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

विकणाऱ्याची मेम्ब्रेन चांगली असेलही, पण ते डोळ्यांनी कळत नाही. संच नळाला जोडून चालवायला सांगा आणि जाताना चार वस्तू सोबत न्या : टीडीएस मीटर, मोजपात्र, बॅटरी आणि क्लोरिन तपासायची पट्टी. मीटर बऱ्याच काळात वापरला नसेल तर ३४२ पीपीएमच्या प्रमाणित द्रावणात बुडवून त्याचा आकडा आधी पडताळून घ्या. चुकीच्या मीटरवर केलेला सौदा दोघांनाही त्रास देतो.

संच निदान अर्धा तास चालू द्या. बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू समान होत जातात, त्यामुळे सुरुवातीच्या पाण्याचा टीडीएस नेहमीच चढा दिसतो. अर्ध्या तासानंतर नळाचं पाणी मोजा आणि मग मेम्ब्रेनमधून निघालेलं पाणी, तेही डीआयमध्ये शिरण्याआधी. इथेच बहुतेक जण फसतात. डीआयनंतरच्या नळीवर मीटर धरला की शून्य दिसतो आणि सगळं उत्तम आहे असं वाटतं. नव्या रेझिनमधून तर साधं नळाचं पाणी सोडलं तरी काही वेळ शून्यच येईल. मेम्ब्रेनमधून येणारी शुद्ध पाण्याची नळी डीआयच्या फिटिंगमधून काढून पाणी सरळ मोजपात्रात घ्या.

आता हिशेब. नळाच्या आकड्यातून मेम्ब्रेनच्या पाण्याचा आकडा वजा करा, नळाच्या आकड्याने भागा आणि १०० ने गुणा. घरगुती मेम्ब्रेन धडधाकट असेल तर हे उत्तर ९६ ते ९८ टक्के येतं, म्हणजे ४०० च्या पाण्याचे ८ ते १६. उत्तर ९० टक्के आलं, म्हणजे ४०० चे ४०, तर मेम्ब्रेन चालते आहे, पण ती रेझिन खाणार. ८ पीपीएमच्या पाण्यावर जे रेझिन १,००० लिटर टिकेल, ते ४० पीपीएमच्या पाण्यावर साधारण २०० लिटरच टिकेल. ९० च्या खाली गेलेली मेम्ब्रेन बदलायचीच. विकणाऱ्याच्या घरचं पाणी तुमच्यापेक्षा वेगळं असू शकतं, म्हणून नुसत्या टीडीएसपेक्षा टक्केवारीवर विश्वास ठेवा.

दुसरी मोजणी प्रवाहाची. जीपीडी म्हणजे दिवसाला किती गॅलन. ७५ गॅलन म्हणजे सुमारे २८४ लिटर, तासाला १२ लिटरच्या आत-बाहेर आणि मिनिटाला जवळपास २०० मिली. पण हा आकडा साधारण ५० पीएसआय दाब आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. दाब ३५ पीएसआय असेल तर तीच मेम्ब्रेन मिनिटाला १३० मिलीच्या आसपास देईल. पाणी १५ अंशांचं असेल तर पूर्ण दाबालाही १४० मिलीच येतील. तेव्हा थंडीच्या दिवसांत धार बारीक दिसली म्हणून मेम्ब्रेनला दोष देऊ नका, आधी गेज आणि तापमान बघा. उलट, दाब आणि तापमान ठीक असताना प्रवाह निम्म्यावर आला असेल तर मेम्ब्रेनवर क्षारांचा किंवा जिवाणूंचा थर बसलेला आहे. प्रवाह अपेक्षेपेक्षा खूप जास्त आणि टीडीएसही जास्त, ही जोडी दिसली तर क्लोरिनने मेम्ब्रेनचा पापुद्रा खाल्ला आहे असं समजा. किंवा आत एखादी ओ-रिंग फाटली आहे.

वाया जाणारं पाणीही मिनिटभर मोजा. शुद्ध पाण्याच्या तीन ते चारपट असायला हवं, म्हणजे २०० मिलीला ६०० ते ८०० मिली. याच पाण्यात क्लोरिनची पट्टी बुडवा. हे पाणी कार्बनमधून पार झालेलं असतं, त्यामुळे त्यात क्लोरिन सापडला तर कार्बन संपलेला आहे आणि तो क्लोरिन किती तरी दिवस मेम्ब्रेनवर जातो आहे. पातळ पापुद्र्याच्या मेम्ब्रेनला ०.१ पीपीएमच्या वर क्लोरिन सोसत नाही. पट्टी रंगली तर टीडीएस कितीही चांगला येवो, त्या मेम्ब्रेनचे पैसे देऊ नका.

मग शुद्ध पाण्याची नळी बोटाने किंवा छोट्या व्हॉल्व्हने बंद करा. ऑटो शटऑफ व्हॉल्व्ह (पिंप भरलं की पाणी आपोआप तोडणारा) असेल तर काही मिनिटांत वाया जाणारं पाणीही थांबायला हवं. नाही थांबलं तर मेम्ब्रेनच्या तोंडावरचा चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) तरी गेला आहे किंवा शटऑफचा पडदा. दोन्ही भाग स्वस्त आणि हाताने बदलता येण्यासारखे आहेत, सौदा मोडायचं कारण नाही. मात्र तसंच चालवलं तर पिंप भरल्यावरही रात्रभर पाणी मोरीत जात राहील. नळी बंद आहे तोवर सगळ्या जोडांवर कोरडा टिश्यू फिरवून घ्या. बारीक झिरप डोळ्याला दिसत नाही, कागदाला लगेच कळते.

शेवटी पाणी बंद करून हाउसिंग उघडा, कोरडी करा आणि आतून बॅटरी धरा. तळाशी आणि आट्यांच्या मुळाशी केसासारख्या पांढरट रेघा दिसल्या तर ते हाउसिंग बाद. झाकणात धातूची फिटिंग जास्त आवळलेली असेल तर भोकाभोवतीही अशीच चीर जाते. ही चीर आज गळत नाही, एके दिवशी मध्यरात्री फुटते आणि नळ चालू असल्यामुळे घरभर पाणी होतं. याबाबतीत अजिबात तडजोड नको. मापंही बघा : हाउसिंग १० इंच उंच आणि अडीच इंच व्यासाच्या कार्ट्रिजचं, मेम्ब्रेन १८१२ मापाची. एखाद्याच कंपनीच्या, न उघडणाऱ्या बंद कार्ट्रिजचा संच फुकट मिळाला तरी पुढे सुटे भाग शोधताना नाकी नऊ येतात.

तुमच्या गरजेपुरतं बोलायचं तर २०० लिटरच्या टाकीत आठवड्याला पाव पाणी बदललं तर ५० लिटर लागतील. त्यातलं सगळं आरओचं धरलं तरी ७५ जीपीडीचा संच ते चार-सव्वाचार तासांत देईल. डिस्कसना रोजच्या रोज पाणी बदलायची सवय असलेलेही पुष्कळ आहेत; तसं केलंत तरी हा संच पुरून उरेल. आणि डिस्कससाठी डीआयची गरज नाही. तो टप्पा काढून ठेवा, रेझिनचा खर्च वाचेल.

प्रश्न : संच घरी आणला. जोडण्याआधी कसा धुवावा? आधीच्या मालकाच्या टाकीत मासे आजारी पडले होते असं नंतर कळलं.

उत्तर : आरओ संच टाकीच्या पाण्याच्या संपर्कात येत नाही, त्यामुळे माशांचा रोग त्यातून येण्याची भीती फार बाळगू नका. मात्र बंद संचातली घाण काढलीच पाहिजे. आधी चारही कार्ट्रिज बाहेर काढा. मेम्ब्रेन ठेवायची ठरवली असेल तर तीही काढून, स्वच्छ पिशवीत ओली ठेवून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. गोठवू नका, बर्फाने ती फाटते.

हाउसिंगमध्ये क्षारांचा पांढरा थर असेल तर सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात तासभर भिजवून मऊ ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. इथे घाई करू नका, कारण पुढचं काम ब्लीचचं आहे आणि आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरिन वायू सुटतो. आम्ल पूर्ण गेल्यावर प्रत्येक हाउसिंग पाण्याने भरा आणि त्यात बिनवासाचं साधं ब्लीच चमचाभर, म्हणजे ५ मिली घाला. अर्धा तास ठेवा, ओता आणि वास पूर्ण जाईपर्यंत धुवा.

नळ्या धुण्यात वेळ घालवू नका, सगळ्या नव्या टाका. पाव इंची नळी ब्लेडने अगदी काटकोनात कापा. तिरकी कापलेली नळी पुश फिटिंगमध्ये बसल्यासारखी वाटते आणि दाब आला की झिरपते. बसवल्यावर एकदा मागे ओढून बघा. नळ्या उजेडात राहणार असतील तर पारदर्शक नकोत, आत शेवाळ धरतं. ओ-रिंग काढून बोटात फिरवा : चपटी झालेली, चिरलेली किंवा ताणल्यावर पूर्ववत न होणारी बदला. नवी असो की जुनी, तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलिन लावू नका, पेट्रोलियममुळे रबर फुगतं. हाउसिंग हाताने घट्ट करा, पान्याने शेवटचा पाव फेरा पुरे. जास्त आवळल्यानेच ती चिरतात.

जोडताना क्रम पाळा. पहिल्यांदा फक्त सेडिमेंट आणि कार्बन बसवून, मेम्ब्रेनकडे जाणारी नळी सोडून, काळी पूड जाईपर्यंत पाणी बादलीत सोडा. दहा-पंधरा लिटर लागतात. ही पूड मेम्ब्रेनवर गेली तर पहिल्याच दिवशी तिची छिद्रं बुजायला लागतात. मग मेम्ब्रेन बसवा आणि पहिल्या तासाचं शुद्ध पाणी फेकून द्या. त्यानंतरच डीआय जोडा.

प्रश्न : पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ जुना झाला म्हणून बदलतोय. तोच फिश टँकसाठी वापरता येईल का?

उत्तर : येईल, आणि यात एक फायदाही आहे : बहुतेक घरगुती आरओंमध्ये बूस्टर पंप असतोच. गच्चीवरच्या टाकीचं पाणी वापरणाऱ्यांना तो लागतोच, कारण १० मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याला जेमतेम १४ पीएसआय दाब मिळतो आणि मेम्ब्रेनला किमान ४० तरी हवेत. पंप सुरू असताना तो फार घरघरत असेल किंवा त्याच्या डोक्याखालून पाणी ठिबकत असेल तर आतला पडदा संपत आला आहे.

मात्र पिण्याचं पाणी चवदार करायला जे भाग असतात, तेच माशांसाठी अडचणीचे. पहिला टीडीएस कंट्रोलर. मेम्ब्रेनच्या पाण्यात कच्चं पाणी मिसळून आकडा वाढवणारा हा छोटा स्क्रूचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून भागत नाही, त्याची नळीच काढून दोन्ही तोंडं बुच लावून बंद करा. नुसता आवळलेला स्क्रू झिरपत राहतो आणि मेम्ब्रेन खराब झाली असं वाटून माणूस ती उगाच बदलतो. दुसरी मिनरल कार्ट्रिज, ती पाण्यात किती आणि काय सोडते यावर आपला ताबा नसतो. तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची, तांब्याची कार्ट्रिज. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना तांबं अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतं. ती कार्ट्रिज नुसती रिकामी करून नको, काढून टाकून नळी सरळ जोडा. यूव्ही दिवा राहिला तरी बिघडत नाही, गेला तरी चालतो. आतल्या साठवण टाकीऐवजी शुद्ध पाण्याची नळी थेट पिंपात न्या आणि मूळचा फ्लोट स्विच पिंपाच्या काठाला बसवा, म्हणजे पिंप भरलं की पंप आपोआप थांबेल.

समुद्री टाकी किंवा कॅरिडिना जातीची कोळंबी असेल तर पुढे डीआय जोडावा लागेल. साध्या माशांना नाही.

प्रश्न : जुना संच घेऊन त्यात नवीकोरी मेम्ब्रेन टाकली. नळाचा टीडीएस ४५० आहे, शुद्ध पाण्याचा ९० च्या खाली येत नाही. मेम्ब्रेन खराब निघाली का?

उत्तर : ४५० चे ९० म्हणजे ८० टक्के. नवी मेम्ब्रेन सदोष निघण्यापेक्षा ती नीट न बसण्याची शक्यता खूप जास्त आहे, म्हणून बदलून मागण्याआधी पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा.

पहिला तास उलटला आहे ना? नव्या मेम्ब्रेनवर साठवणीचं रसायन असतं आणि ते निघेपर्यंत आकडा खाली येत नाही.

मग वाया जाणारं पाणी मोजा. ते थेंबथेंब येत असेल तर फ्लो रिस्ट्रिक्टर (वाया पाण्याची वाट अरुंद ठेवून मेम्ब्रेनवर दाब टिकवणारा भाग) बुजला आहे. जुन्या संचात हे नेहमीचंच, कारण बारीक नळीतून क्षार भरलेलं पाणी जात असतं आणि संच बंद पडल्यावर ते तिथेच सुकतं. परिणाम असा की मेम्ब्रेनच्या आत क्षार साठत जातात, शुद्ध पाण्याचा टीडीएस चढतो, आणि चार-सहा आठवड्यांत नवी मेम्ब्रेनही क्षारांनी भरते. उलट वाया पाणी धो-धो वाहत असेल आणि शुद्ध पाणी नावापुरतं येत असेल तर रिस्ट्रिक्टर कुणीतरी काढून टाकलेला आहे. मेम्ब्रेनवर दाबच बनत नाही. रिस्ट्रिक्टर मेम्ब्रेनच्या जीपीडीप्रमाणे निवडायचा असतो. आधीच्या मालकाची मेम्ब्रेन ५० ची होती आणि तुम्ही १०० ची टाकलीत, तर रिस्ट्रिक्टरही बदलायला हवा. बहुतेकांच्या हातून हेच राहून जातं.

मोजमाप बरोबर असेल तर मेम्ब्रेन बाहेर काढा. तिच्या एका टोकाला बारीक नळीवर दोन छोट्या काळ्या ओ-रिंग असतात, ते टोक आधी आत जातं आणि नळीच्या तळाच्या खोबणीत बसतं. दुसऱ्या टोकाला मेम्ब्रेनच्या अंगाभोवती रबराचं रुंद कडं असतं, ते झाकणाच्या बाजूला राहतं. छोट्या ओ-रिंगपैकी एक जरी दुमडली किंवा कापली गेली तर क्षारांचं पाणी सरळ शुद्ध पाण्यात मिसळतं, आणि तुमचा आकडा नेमका त्याच प्रकारचा आहे. मेम्ब्रेन अर्धवट आत गेली तरी तेच होतं. खोबणी बोटाने पुसून बघा, जुन्या मेम्ब्रेनची तुटलेली ओ-रिंग पुष्कळदा तिथेच अडकून राहिलेली असते. ओ-रिंगवर पाण्याचा किंवा सिलिकॉन ग्रीसचा हात देऊन मेम्ब्रेन आत ढकला. शेवटचा अर्धा इंच जोर लागतो आणि मग ती खटकन बसते. तो खटका जाणवला नाही तर ती बसलेली नाही. रुंद कडं उलटं दुमडलं असेल तर पाणी मेम्ब्रेनच्या आतून न जाता बाहेरून सटकतं, तेही बघा.

एवढं करूनही आकडा हलला नाही तर दाब बघा. ३० पीएसआयच्या खाली क्षार पूर्वीच्याच वेगाने पार होतात, पाणी मात्र कमी पार होतं, म्हणून टीडीएस वाढतो. त्याला पंप हाच उपाय. दाबही ठीक असेल तर मात्र मेम्ब्रेन बदलून मागा.

प्रश्न : डीआयमधून शून्य टीडीएसचं पाणी मिळायला लागलं. हे सरळ टाकीत घालू का? चेरी श्रिंप आहेत.

उत्तर : नाही. शून्याच्या पाण्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही आणि आम्ल पेलायची ताकदही नाही. कोळंबीला कात टाकताना कॅल्शियम लागतं. ते नसलं की ती जुन्या कवचात अडकून मरते. केएच, म्हणजे हीच आम्ल पेलायची ताकद, शून्य असेल तर पीएच एका रात्रीत घसरू शकतो.

चेरी श्रिंपसाठी जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप) ६ ते ८ आणि केएच २ ते ४ ठेवा. १०० लिटर शुद्ध पाण्याला १ अंश जीएच वाढवायला कॅल्शियम सल्फेट, म्हणजे दोन रेणू पाणी असलेलं जिप्सम, ३.१ ग्रॅम लागतं, किंवा मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम मीठ, ४.४ ग्रॅम. केएच १ अंशाने वाढवायला खाण्याचा सोडा ३ ग्रॅम. तेव्हा १०० लिटरला जीएच ६ आणि केएच २ हवा असेल तर जिप्सम १२.४ ग्रॅम, एप्सम मीठ ८.८ ग्रॅम आणि सोडा ६ ग्रॅम. जिप्सम विरघळायला वेळ घेतं. आधी दहा लिटर पाण्यात घालून हवेचा पंप लावा, काही तास ढवळत राहू द्या आणि मग पिंपात ओता. तयार पाणी जीएच-केएचच्या थेंबांच्या किटने तपासूनच वापरा. टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, त्यात कॅल्शियम किती हे त्याला कळत नाही.

मासेच असतील तर एवढा खटाटोप नको, नळाचं पाणी मिसळा. नळाचा टीडीएस ४००, आरओचा १० आणि हवाय १५० : १५० मधून १० गेले १४०, ४०० मधून १० गेले ३९०. १४० भागिले ३९० म्हणजे ०.३६. शंभर लिटरला ३६ लिटर नळाचं आणि ६४ लिटर आरओचं. नळाच्या हिश्शातला क्लोरिन काढायचं औषध विसरू नका. सवय झालेल्या माशांना नव्या पाण्यात एकदम टाकू नका, दर वेळी दहा-पंधरा टक्के करत दोन-तीन आठवड्यांत वळवा.

प्रश्न : जुन्या रेझिनचा रंग पूर्ण बदललेला आहे, पण मीटर अजून ३-४ च दाखवतो. समुद्री टाकीला चालेल का?

उत्तर : चालणार नाही. रेझिन संपताना सैल धरलेले आयन आधी सुटतात आणि सिलिकेट त्यात पहिल्या काहींपैकी असतं. सिलिकेटचा बराचसा भाग मीटरला दिसतच नाही, पण टाकीत तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) मात्र दिसायला लागतात. शिवाय संपलेल्या रेझिनमधून पाणी जात राहिलं तर आधी पकडलेलं तेच एका फटक्यात बाहेर पडू शकतं. मीटर शून्यावरून हलला की रेझिन बदला. मिश्र रेझिन घरी पुन्हा चार्ज करायच्या भानगडीत पडू नका : त्यातले दोन प्रकार वेगळे करून एकाला तीव्र आम्ल आणि दुसऱ्याला कॉस्टिक सोडा द्यावा लागतो, आणि वाचलेल्या पैशांच्या मानाने तो धोका फार मोठा आहे.

पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन असेल तर रेझिन आणखी लवकर संपतं. कार्बन त्यातला क्लोरिन तोडतो, पण मागे अमोनिया उरतो. मेम्ब्रेन तो पूर्ण अडवत नाही आणि उरलेला रेझिनवर येऊन पडतो. अशा ठिकाणी एकाऐवजी दोन कार्बन ब्लॉक लावा.

प्रश्न : आरओसोबत वापरलेला कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा) आणि यूव्ही स्टेरिलायझरही मिळतोय. घ्यावा का?

उत्तर : कॅनिस्टर अवश्य, यूव्ही फक्त दिव्याची किंमत वजा करून. कॅनिस्टरमध्ये तीन गोष्टी बघा : झाकणाची मोठी ओ-रिंग, इंपेलरचा बारीक सिरॅमिक दांडा आणि नळ्या जोडायचा आडवा खटका. दांडा तुटला असेल तर मोटर खडखडते. खटका गळत असेल आणि त्याचा सुटा भाग मिळत नसेल तर फिल्टर घेऊ नका. पाणी भरून बादलीत तासभर चालवा आणि १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. डब्यावर लिहिलेला प्रवाह रिकाम्या फिल्टरचा असतो, माध्यम (पाणी गाळणारा आतला माल) भरल्यावर तो बराच उतरतो.

आरओबद्दल वर जे म्हटलं ते इथे उलटं होतं : कॅनिस्टर टाकीच्या पाण्यातच काम करतो, त्यामुळे रोग, गोगलगायींची अंडी आणि शेवाळ सगळं सोबत येतं. स्पंज आणि जुनं माध्यम टाकून द्या, डबा ब्लीचच्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा. टाकीत तांब्याचं औषध वापरलं होतं का हे मालकाला नक्की विचारा. वापरलं असेल तर त्या फिल्टरचं माध्यम कोळंबीच्या किंवा प्रवाळांच्या टाकीकडे फिरकू देऊ नका. बंद डब्यातले उपयोगी जिवाणू प्राणवायूअभावी मेलेले असतात, तेव्हा फिल्टर जुना आहे म्हणून टाकी लगेच तयार झाली असं समजून मासे सोडू नका. सायकल, म्हणजे उपयोगी जिवाणू वाढवायची प्रक्रिया, पहिल्यापासून करावी लागेल.

यूव्हीचा दिवा निळा पेटला म्हणजे चांगला, असं नाही. डोळ्याला दिसणारा प्रकाश टिकतो, जंतू मारणारे २५४ नॅनोमीटरचे किरण साधारण ८,००० ते ९,००० तासांत बरेच मंदावतात, म्हणजे सलग चालवला तर वर्षभरात. दिवा नवा घ्या, क्वार्ट्‌झची नळी आम्लाच्या पाण्याने स्वच्छ पुसा, आणि उघड्या दिव्याकडे एक क्षणही बघू नका.

प्रश्न : महिनाभर बाहेरगावी जायचं आहे. आरओ तसाच सोडला तर चालेल का?

उत्तर : आठ-दहा दिवसांपर्यंत चालतो, परत आल्यावर अर्धा तासाचं पाणी फेकून द्या. महिना म्हणजे जास्त झाला. जाण्याआधी संच पंधरा मिनिटं चालवा, नळाचा व्हॉल्व्ह बंद करा, मेम्ब्रेन काढा आणि १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात, म्हणजे लिटरभर आरओच्या पाण्यात १० ग्रॅम, घट्ट झाकणाच्या डब्यात पूर्ण बुडवून ठेवा. सेडिमेंट आणि कार्बन काढून हाउसिंग पालथी वाळत घाला. आल्यावर हे दोन नवे टाका, मेम्ब्रेन बसवा आणि पहिल्या तासाचं पाणी मोरीत जाऊ द्या.